जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी: आधी ओळख, मग पत्रा, शेवटी इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार पाहायला गेलेल्या माणसाची नजर आधी रंगावर जाते, मग बॉनेट उघडले की इंजिनावर, आणि चावी फिरवल्यावर येणाऱ्या आवाजाने उरलेसुरले भानही सुटते. तपासणीचा योग्य क्रम मात्र जवळजवळ याच्या उलटा आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्प्रिंगा हे सगळे नट-बोल्टांनी जोडलेले भाग असतात. ते बिघडले तर काढता येतात, दुरुस्त करता येतात आणि वेळ पडल्यास बदलताही येतात. गाडीचा सांगाडा आणि पत्रा वेल्डिंगने जोडलेला असतो, आणि तो आतून कुजलेला असेल तर त्याच्या दुरुस्तीला लागणारे कामाचे तास इंजिन नव्याने बांधायला लागणाऱ्या तासांच्या कितीतरी पट होऊ शकतात. गाडीची ओळख, म्हणजे ती खरोखर कोणती गाडी आहे हे सांगणारे क्रमांक आणि कागद, संशयास्पद असेल तर ती कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येत नाही. म्हणून आधी ओळख, नंतर पत्रा आणि सर्वांत शेवटी यंत्रे, असे पाहत जावे. हा क्रम पाळला तर बऱ्याच गाड्या इंजिन सुरू करण्याची वेळ येण्याआधीच यादीतून बाद होतात.

प्रत्येक मॉडेलची दुखणी ठरलेली असतात आणि ती जवळजवळ प्रत्येक नगात त्याच ठिकाणी सापडतात, त्यामुळे गाडीपाशी जाण्याआधी त्या मॉडेलचा अभ्यास करणे हे तपासणीचेच काम समजावे. एमजी कंपनीची एमजीबी असेल तर दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, डॅटसन २४०झेड असेल तर बॅटरीखालचा पत्रा आणि तळाच्या लांब रेल, अल्फा रोमिओ स्पायडर असेल तर दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (कचकच न होता गिअर पडावा म्हणून असलेला भाग), अशी ही ठिकाणे त्या त्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबांना तोंडपाठ असतात आणि विचारल्यास ती मोकळेपणाने सांगितली जातात. विक्रेत्याशी आधी बोलतानाच दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये, आणि गाडी उचलून खालून पाहायची आहे. या दोन विनंत्यांना मिळणाऱ्या उत्तरावरूनच पुष्कळ काही कळते. पावसात किंवा नुकतीच धुतलेली गाडी तपासू नये, कारण पाण्याच्या थराखाली विटलेला रंगही चकाकतो आणि लाटा मारणारा पत्रा सपाट भासतो. सोबत चांगला टॉर्च, छोटा आरसा, कापडात गुंडाळलेले कमी ताकदीचे चुंबक आणि मळले तरी चालतील असे कपडे असावेत.

क्रमांक आणि कागद

चासी नंबर साधारणपणे दोन ठिकाणी आढळतो: रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर आणि सांगाड्याच्या धातूतच ठोकलेल्या अंकांत. पट्टी एका गाडीवरून काढून दुसरीवर लावणे फारसे अवघड नसते, त्यामुळे जास्त वजन द्यायचे ते धातूत ठोकलेल्या अंकांना, आणि तेही नीट निरखल्यानंतरच. अंकांभोवतीचा पत्रा घासलेला आहे का, सर्व अंकांची खोली आणि ओळ एकसारखी आहे का, जवळपास नवे वेल्डिंग दिसते का, हे टॉर्चचा प्रकाश तिरपा धरून पाहावे. नंतर तो क्रमांक नोंदणीच्या कागदाशी एकेक अंक करत ताडून पाहावा. एखादा अंक जुळत नसेल तर त्याचे स्पष्टीकरण कागदासह मिळायला हवे. ‘लिहिताना कुणाची तरी चूक झाली असेल’ एवढ्यावर समाधान मानू नये.

मूळ कारखान्यातून जे इंजिन बसून आले तेच आजही गाडीत असेल तर तिला ‘मॅचिंग नंबर्स’ गाडी म्हणतात, आणि संग्राहकांच्या बाजारात तिचे मोल बरेच वाढते. जॅग्वार ई-टाइपच्या ओळखपट्टीवर चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे वेगवेगळे क्रमांक नोंदलेले असतात आणि प्रत्यक्ष भागांवरच्या क्रमांकांशी ते जुळवून पाहता येतात. पट्टीवरही विश्वास नसेल तर जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट ही संस्था कारखान्याच्या मूळ नोंदींवरून प्रमाणपत्र देते. एमजी, ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीली यांच्या नोंदी इंग्लंडमधील गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपलेल्या आहेत, तर फेरारी स्वतःच्या ‘क्लासिके’ विभागामार्फत जुन्या गाड्या तपासून प्रमाणित करते. अशा प्रमाणपत्रातून मूळ रंग, आतील सजावटीचा रंग आणि गाडी कोणत्या देशासाठी बनली होती हेही अनेकदा कळते. मुळात अमेरिकेसाठी डाव्या स्टिअरिंगची बनलेली गाडी नंतर उजवीकडे बदलली असेल, तर ते अशाच कागदावरून उघड होते.

मॉडेल जितके दुर्मीळ तितकी ही तपासणी कडक हवी. एसी कोब्राच्या मूळ गाड्या सुमारे १,००० बनल्या. आज रस्त्यावर दिसणाऱ्या कोब्रांपैकी बहुसंख्य प्रतिकृती आहेत. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ची निर्मिती १,५८० च्या आसपास झाली, आणि साध्या ९११ वर मागचा पंख व बाजूची अक्षरे चढवून तिच्यासारखी दिसणारी गाडी तयार करणे शक्य असते. प्रतिकृतीत वाईट काहीच नाही. तिची किंमत प्रतिकृतीची असावी आणि तिच्या कागदावर ती प्रतिकृती आहे हे लिहिलेले असावे, एवढेच. माझे मत असे की जो माणूस गाडी चालवण्यासाठी घेतो आहे, त्याने त्याच काळातले, त्याच प्रकारचे पण बदललेले इंजिन असलेली गाडी आनंदाने घ्यावी, कारण पत्र्याने धडधाकट असूनही केवळ या एका कारणासाठी अशा गाडीची किंमत कमी झालेली असते.

चाललेल्या अंतराच्या आकड्यावर फार विसंबू नये. त्या काळातल्या अनेक मीटरांत पाचच आकडे असत, आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत, म्हणून मीटरवरचे ४२,००० हे प्रत्यक्षात १,४२,००० असू शकतात. अंतराचा खरा पुरावा जुन्या बिलांत असतो, कारण त्यांवर तारीख आणि त्या दिवशीचे अंतर दोन्ही लिहिलेले असते. पायडलांच्या रबराची झीज, चालकाच्या आसनाची कड, स्टिअरिंगच्या चाकाचा गुळगुळीतपणा आणि दरवाजाच्या बिजागऱ्यांतला ढिलेपणा यांच्याशी मीटरचा आकडा सुसंगत वाटतो का, ते पाहावे. फाइलमधल्या बिलांवर नुसती ‘संपूर्ण पुनर्बांधणी’ असे शब्द असले तर त्यांना विशेष अर्थ नसतो. कोणते बेअरिंग, कोणत्या मापाचे पिस्टन, कोणते पत्रे बदलले हे लिहिलेले बिल आणि रंग पूर्ण उतरवलेल्या अवस्थेतले फोटो असतील तर मात्र ते मोलाचे असतात. फोटोत दिसणारी गाडी हीच आहे ना, हेही ताडून घ्यावे.

पत्रा: जिथे बहुतेक वेळ घालवायचा

जुन्या गाड्यांचे सांगाडे ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिल्या प्रकारात खाली स्वतंत्र चासी असते आणि वर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते; ट्रायम्फ टीआर६ आणि ऑस्टिन-हीलीच्या काळातल्या अनेक गाड्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे, फक्त हीलीत बॉडीचा बराच भाग चासीला वेल्ड केलेला असतो. दुसऱ्या प्रकारात वेगळी चासी नसते. पत्र्याच्या घड्या, पोकळ पेट्या आणि तळ हे सगळे एकत्र वेल्ड होऊन स्वतःच भार वाहतात. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या आणि पाच लाखांहून अधिक नगांत निघालेल्या एमजीबीची रचना या दुसऱ्या प्रकारची आहे. उघड्या गाडीत छत नसल्यामुळे वाकण्याला विरोध करण्याची बहुतेक जबाबदारी दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलांवर, येते. झाकण काढलेला पुठ्ठ्याचा खोका जसा हातात पिळवटतो, तशी सिल कुजलेली उघडी गाडी मधोमध खचू लागते.

सिल एकाच पत्र्याची नसते हे इथे लक्षात घ्यावे लागते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्यांच्यामधला उभा पडदा अशा थरांची ती बनलेली असते, आणि ताकद या सगळ्यांची मिळून असते. पाणी, चिखल आणि हवेतली आर्द्रता या पोकळीत शिरते, निचऱ्याची छिद्रे मातीने बुजतात आणि गंज आतून बाहेर येत राहतो. बाहेरून फुगवटा किंवा फोड दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त असते, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की सांधा फुगून उघडतो. सरळ असायला हवी ती कड लाटेसारखी वाकडी दिसली की आत काय चालले आहे हे समजावे. स्वस्तातली दुरुस्ती म्हणजे कुजलेल्या सिलेवर नव्या पत्र्याचे आवरण चढवून कडेने वेल्ड मारणे. ते दिसायला छान असते, आतला कुजका भाग तसाच राहतो, आणि नव्या आवरणामुळे तो आणखी झाकला जातो. एमजीबीची बाहेरची सिल पुढच्या मडगार्डच्या खाली शिरते, त्यामुळे मडगार्ड न काढता बसवलेली ‘नवी’ सिल पुढच्या टोकाला अपुरीच असते. मडगार्डच्या खालच्या टोकाशी असलेला जोड पाहिला तर हे काम नीट झाले की उरकले गेले, ते समजते.

उघड्या गाडीचा कणखरपणा तपासायची सोपी रीत म्हणजे दरवाजांभोवतीच्या फटी पाहणे. दरवाजाची मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली असण्याची शक्यता आहे. त्यानंतर विक्रेत्याच्या परवानगीने गाडी कारखान्याने ठरवलेल्या जागी जॅकवर उचलावी आणि चाक जमिनीवरून सुटल्यावर दरवाजा उघडून लावून पाहावा. तो अडकू लागला, किंवा फट डोळ्यांदेखत बदलली, तर सांगाडा लवतो आहे. जॅक टेकवण्याची जागाच चुरचुरत आत गेली तर पुढची तपासणी करण्याची गरज उरत नाही. गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये, स्टँड लावूनच शिरावे.

त्यानंतर गालिचे उचलून तळ पाहावा. गालिचा चिकटवलेला आहे, म्हणून उचलता येत नाही, असे उत्तर मिळाले तर शंका घ्यावी. विंडस्क्रीनच्या खालची कड, दरवाजाच्या बिजागरी ज्यावर बसतात तो खांब, बॅटरीचा कप्पा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, स्प्रिंगांचे आणि शॉक-अॅब्सॉर्बरचे वरचे टेकू, मागच्या चाकांसमोरचा कोपरा ही ठिकाणे हाताने चाचपून पाहावीत, कारण बोटांना जे कळते ते डोळ्यांना कळेलच असे नाही. कापडी छताच्या गाडीत छतावरचे पाणी ज्या नळ्यांतून खाली जाते त्या कचऱ्याने बुजल्या की पाणी थेट सिलांत साचते. १९८९ पासूनच्या माझदा एमएक्स-५ च्या मागच्या सिला बहुधा याच कारणाने गंजतात. खालून नुकताच फासलेला जाड काळा थर दिसला तर तो संरक्षणासाठी आहे की लपवण्यासाठी, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जुना, थोडा मळका, पण धातूचा पोत दाखवणारा तळ मला केव्हाही अधिक विश्वासार्ह वाटतो.

रंगाखालची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायला भरलेली पुट्टी, ओळखायला चुंबक उपयोगी पडते: मूळ पत्र्यावर ते घट्ट बसते, लांबीच्या जाड थरावर सुटते. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर आणखी चांगले. कारखान्याचा रंग साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, पुन्हा रंगवलेल्या भागावर दोनशे-तीनशेपर्यंत आकडा जाऊ शकतो, आणि १,००० मायक्रॉनच्या पुढे, म्हणजे एक मिलिमीटरहून जास्त, थर असेल तर तिथे लांबी भरलेली आहे असे समजायला हरकत नाही. एवढ्या वयाच्या गाडीचे काही भाग पुन्हा रंगवलेले असणे स्वाभाविकच आहे. प्रश्न कुठे आणि का, एवढाच असतो. अॅल्युमिनियमच्या आणि फायबरग्लासच्या बॉडीला चुंबक चिकटत नाही, हे सांगायला नको.

फायबरग्लासची गाडी गंजत नाही, असा समज ऐकू येतो. बॉडी गंजत नाही हे खरे, खालचे लोखंड गंजते. १९६३ ते १९६७ च्या कॉर्व्हेटमध्ये विंडस्क्रीन आणि दरवाजांभोवती पोलादी चौकट असते आणि फायबरग्लासमुळे ती नजरेआड राहते. १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलानची चासी म्हणजे मधून जाणारा, घडी घातलेल्या पत्र्याचा एकच कणा. तिचे हेडलॅम्प निर्वाताच्या जोरावर वर-खाली होतात आणि त्या निर्वाताची टाकी म्हणून चासीचा पुढचा आडवा पोकळ भागच वापरलेला आहे, म्हणून हेडलॅम्प नीट उठत नसतील किंवा टिकून राहत नसतील तर फुटलेल्या नळीबरोबर चासीला पडलेल्या गंजाच्या छिद्राचाही संशय घ्यावा. अॅल्युमिनियमची बॉडी पोलादी नळ्यांवर बसवलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ अॅस्टन मार्टिन डीबी५ मध्ये, दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलाव्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झिजते. पोर्शेने १९७६ च्या मॉडेल-वर्षापासून ९११ च्या बॉडीला जस्ताचा मुलामा दिला, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या याबाबतीत पुष्कळ बऱ्या. तरी अपघातानंतर बदललेल्या किंवा वेल्ड केलेल्या जागी तो मुलामा उरलेला नसतो.

अपघाताच्या खुणा सहसा बॉनेटखाली आणि डिकीत सापडतात. कारखान्याचे स्पॉट-वेल्ड ठरावीक अंतरावर असलेल्या छोट्या गोल खळग्यांसारखे दिसतात. ते एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नसतील तर तो पत्रा बदललेला आहे. ई-टाइपच्या पुढच्या भागात इंजिन धरून ठेवणारी नळ्यांची चौकट मुख्य बॉडीला बोल्टांनी जोडलेली असते. या नळ्या पोलादाच्या असून त्या आतून गंजतात आणि ठोकर बसली की वाकतात. तिचे लांबलचक बॉनेट नीट बसत नसेल तर दोष बॉनेटचा आहे की चौकटीचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. शंका आलीच तर दोन्ही बाजूंची पुढच्या आणि मागच्या चाकांतली अंतरे टेपने मोजून पाहावीत.

इंजिन: आधी थंड, मग गरम

थंड इंजिन सुरू करणे ही परीक्षाच असते, आणि विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर ती परीक्षा वाया जाते. सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी आणि रेडिएटरचे झाकण पाहून घ्यावे. रेडिएटर गरम असताना ते झाकण उघडणे धोक्याचे असते. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळते आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस मात्र कमी अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पामुळेही जमतो, म्हणून निर्णय पट्टीवरच्या ऑइलवरून घ्यावा. पोर्शे ९११ ची गोष्ट वेगळी: तिच्यात ऑइल वेगळ्या टाकीत असते आणि त्याची पातळी इंजिन गरम होऊन चालू असताना, सपाट जागी तपासायची असते. थंड इंजिनाची पट्टी कोरडी दिसली म्हणून त्यात ऑइल ओतणारे लोक नवे त्रास ओढवून घेतात.

सायलेन्सरमधून येणारा धूर तीन रंगांत वाचता येतो. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. तो वेग वाढवताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात, आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर एकदम फवारा आला तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या असाव्यात. गरम झाल्यावरही येत राहणारा दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर हेड-गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यातल्या सीलकडे, बोट दाखवतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि तो कार्ब्युरेटर जुळवून बहुधा जातो. ९११ मध्ये सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडे ऑइल त्यांत उतरते, म्हणून सुरू करताना निळ्या धुराचा एखादा लोट येणे हे त्या गाडीचे वळणच आहे. तो लगेच विरला पाहिजे.

ऑइलचा दाब गरम इंजिनावर पाहायचा असतो, कारण थंड, घट्ट ऑइल झिजलेल्या बेअरिंगलाही चांगला दाब दाखवते. मिनिटाच्या दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचावर १० पौंड) हा जुन्या मेकॅनिकांचा ठोकताळा बहुतेक इंजिनांना लागू पडतो, तरी त्या मॉडेलचा मूळ आकडा माहीत असणे चांगले. ट्रायम्फच्या इंजिनांसाठी एक खास चाचणी आहे: इंजिन बंद ठेवून एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहावे. क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, पुढे-मागे सरकण्यापासून रोखणारे वॉशर झिजलेले असतील तर पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकते. त्या वॉशरपैकी एखादा निसटून खाली पडला की क्रँकशाफ्ट आणि इंजिनाचा ब्लॉक दोन्ही घासले जातात. एवढ्या सोप्या चाचणीतून एवढे मोठे नुकसान उघड होण्याची उदाहरणे थोडीच आहेत.

गाडी गंभीरपणे घ्यायची असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर तयार होणारा दाब, मोजून घ्यावे. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहतात, आणि एकेका आकड्यापेक्षा सगळे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का याला महत्त्व देतात. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण शोधावे. कमी पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट दोषी असण्याची शक्यता. याहून स्पष्ट उत्तर देते ती गळती-चाचणी: सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, ऑइलच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हेडचे तुटलेले किंवा उपटलेले स्टड मात्र या चाचण्यांत दरवेळी सापडतातच असे नाही. १९७० च्या दशकातल्या ९११ मध्ये, विशेषतः मॅग्नेशियमच्या क्रँककेसच्या २.७ लिटर इंजिनांत, हा दोष प्रसिद्ध आहे आणि तो त्या गाडीच्या जाणकाराकडूनच पाहून घ्यावा.

फेरारी ३०८ सारख्या गाडीत व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट पट्ट्यांवर चालतात, आणि गाडी किती चालली यापेक्षा पट्टा किती वर्षांचा आहे हे महत्त्वाचे असते. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. बदलल्याचे तारखेसह बिल नसेल तर पट्टे बदललेले नाहीत असे गृहीत धरून हिशेब करावा. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या लोखंडी हेडवर व्हॉल्व्हच्या कठीण सीटा बसवल्या आहेत का, आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या आहेत का, हेही विचारून घ्यावे.

रस्त्यावर

गाडी चालवून पाहताना आधी क्लच, मग गिअर. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम अॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही गाडी वेग घेत नसेल तर क्लच घसरतो आहे. तिसऱ्यातून दुसऱ्यात थोड्या घाईने उतरल्यावर कचकच आली तर सिंक्रो झिजलेला असतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हताच, तेव्हा तिथली कचकच चालवणाऱ्याच्या खात्यावर जमा करावी. अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटतो का तेही पाहावे. टीआर६ मध्ये जोर देताना आणि सोडताना मागून ‘ठक्’ असा आवाज आला तर डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) ज्या टेकूंवर लटकलेले असते ते चासीपासून तडकले असावेत, आणि ती तड बोल्टने भरून येत नाही.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. ओढत असेल तर कॅलिपर अडकलेला असतो, किंवा जुनी रबरी नळी आतून फुगलेली असते आणि दाब सुटू देत नाही. ई-टाइपचे मागचे ब्रेक चाकांजवळ नसून डिफरन्शिअलला लागून असतात. तिथले ऑइल गळून डिस्कवर आले असेल तर दुरुस्तीसाठी बहुधा मागचा सगळा जोडसंच उतरवावा लागतो. टायरच्या बाजूवरचा शेवटचा चार अंकी आकडा जरूर वाचावा: २००० सालापासून पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३५१५ हा टायर २०१५ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. तीनच अंक असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, मग नक्षी कितीही शाबूत असो. तारांची चाके असतील तर तारा वाजवून पाहाव्यात, सैल तार बद्द वाजते; चाक काढता आले तर हबवरचे दाते पाहावेत, ते टोकदार झाले असतील तर झिजले आहेत.

अर्धा तास चालवून आल्यावर गाडी चालू ठेवून उभी करावी आणि तापमानाचा काटा कुठे स्थिरावतो ते पाहावे. नंतर बंद करून काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावी, कारण थंड इंजिन झटकन उठते आणि गरम उठत नाही, असे दोष नेमके याच वेळी समोर येतात. विजेच्या तारांत कुणी अर्धवट जोड मारले आहेत का, ते डॅशबोर्डखाली टॉर्च टाकून पाहावे. १९६० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे; नंतर ती उलटवली आहे का हे माहीत नसताना रेडिओ किंवा चार्जर जोडू नये.

यंत्रांपेक्षा सुटे किरकोळ भाग कधी कधी जास्त छळतात. एमजीबीसारख्या मोठ्या संख्येने निघालेल्या गाडीची संपूर्ण नवी बॉडी १९८८ पासून मिळते, मग दिवे आणि हँडलांची काय कथा. थोड्याच नगांत, हाताने बनलेल्या इटालियन गाडीची विंडस्क्रीन, मागचा दिवा किंवा क्रोमची एक पट्टी मात्र कुठेच मिळत नाही आणि ती करूनच घ्यावी लागते. म्हणून अशा गाडीत नसलेल्या वस्तूंची यादी गाडीपाशीच उभे राहून करावी. भाग सुटे करून खोक्यांत भरलेली गाडी विकायला असेल तर हे आणखी काटेकोरपणे करावे लागते: काय आहे ते मोजायचे नसून काय नाही ते शोधायचे असते, आणि त्यासाठी त्या मॉडेलची सुट्या भागांची सचित्र पुस्तिका जवळ ठेवून एकेक ओळ खूण करत जावे लागते. हे करायला अख्खा दिवस लागू शकतो, आणि विक्रेता तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर खोके पूर्ण भरलेले आहेत असे मानून किंमत देऊ नये.

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी बॅटरी जोडून थेट सुरू करू पाहू नये, विक्रेता आग्रह करत असला तरी. आधी इंजिन हाताने फिरते का पाहावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकावे, टाकीतले जुने पेट्रोल उपसावे. इंजिन हाताने फिरतच नसेल तर ते आतून किती अडकले आहे हे उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि तेव्हा ती गाडी इंजिनाविना विकली जाते आहे असे धरूनच बोलणी करावी. एवढे सगळे पाहून झाल्यावरही गाडी हवीशी वाटली तर त्याच मॉडेलवर काम करणाऱ्या एका तटस्थ मेकॅनिककडून ती लिफ्टवर पुन्हा तपासून घ्यावी आणि त्याचा अहवाल लेखी घ्यावा. व्यवहाराच्या कागदावर चासी आणि इंजिनाचे क्रमांक, सोबत मिळणारे सुटे भाग आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या दुरुस्त्या, हे सगळे पैसे देण्याआधी लिहून घ्यावे.